कॅमेरा आपला, दार शेजाऱ्याचं

मागच्या अंकात घरासाठी कॅमेरे कुठले घ्यावेत यावर लिहिलं होतं, तर पत्रं आली ती कॅमेऱ्यांबद्दल कमी आणि शेजाऱ्यांबद्दल जास्त. मला नवल नाही वाटलं. मी वीस वर्षं हेच काम करतोय, भिंतीला भोकं पाडायची, वायर ओढायची, मोबाईलवर ॲप टाकून द्यायचं, आणि आठ दिवसांनी गिऱ्हाईकाचा फोन येतो की अहो, शेजारचे सेक्रेटरीकडे गेलेत, आता काय करू. मी वकील नाही, पण या धंद्यात थोडाफार कायदा कानावर पडतोच. सगळी पत्रं इथे बसली नसती म्हणून सारखी सारखी एकत्र केली आहेत, नावं अर्थातच गाळलीत.

प्रश्न: आमचा दुसऱ्या मजल्यावर वन बीएचके आहे. दारं समोरासमोर, मध्ये जेमतेम साडेचार फुटाचा पॅसेज. समोरच्यांनी गेल्या महिन्यात दारावर कॅमेरा लावला. उन्हाळ्यात आमचं आतलं दार दिवसभर उघडं असतं, नुसतं जाळीचं लावलेलं. सासूबाई हॉलमध्येच दिवाणावर असतात, सकाळी मी गाऊनवर पाणी भरत असते, मुलगा तर चड्डीवरच फिरतो. त्यांना विचारलं तर म्हणतात, 'आमच्या दारात लावलाय, तुमच्या नाही.' आता मी दार लावून उकडत बसायचं का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर: ताई, 'आमच्या दारात लावलाय' हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय ना, की आता पुढचं वाक्यही पाठ झालंय, ते असतं 'आम्हाला काय तुमच्या घरात बघायची हौस नाही'. आणि खरंच नसते हो बहुतेकांना. पण कॅमेरा लावलाय कुठे याला काही अर्थ नाही, तो बघतो कुठे ते महत्त्वाचं.

तुमची शंका बहुधा बरोबर आहे. दारावर लावायचे स्वस्तातले कॅमेरे २.८ एमएम लेन्सचे असतात, ते साधारण शंभर अंश रुंद बघतात आणि व्हिडिओ डोअरबेल तर त्याहून रुंद. साडेचार फुटांवर समोरच्या भिंतीचा दहा-अकरा फूट रुंदीचा पट्टा फ्रेममध्ये येतो, म्हणजे तुमचं आख्खं दार, चपलांचा स्टँड, आणि दार उघडं असेल तर दिवाणही. पण बहुधा म्हणजे नक्की नव्हे. म्हणून आधी भांडू नका, बघायला मागा. 'काकू, तुमच्या कॅमेऱ्यात आमचं किती दिसतं ते जरा दाखवता का?' एवढंच. लाईव्ह नाही, कालचं रेकॉर्डिंग मागा, सकाळचं एक आणि रात्री लाईट लागल्यानंतरचं एक, कारण दुपारी जाळीच्या आत काळोख दिसतो आणि समोरचे म्हणतात बघा काही दिसत नाही, पण रात्री तुमच्या हॉलमध्ये ट्यूब लागली की जाळी असून नसल्यासारखी होते. आणि हे बोलायला नवऱ्याला पाठवू नका. सासूबाईंना पाठवा. माझा अनुभव आहे, दोन पुरुष पॅसेजमध्ये उभे राहिले की विषय कॅमेऱ्यावरून पार्किंगवर जातो.

दिसत असेल तर 'काढा' म्हणू नका, 'वळवा' म्हणा. चोर काही तुमच्या हॉलमधून निघून त्यांच्याकडे जाणार नाही, तो जिन्याने येणार नाहीतर लिफ्टने. कॅमेरा चौकटीच्या बाजूला घेऊन पॅसेजच्या लांबीत, जिन्याकडे तोंड करून लावला की येणाऱ्याचा चेहरा त्यांनाच जास्त चांगला मिळतो, समोरून लावलेल्यात निम्म्या वेळा पाठ नाहीतर डोक्याची टाळू येते. डोअरबेल असेल तर तिच्याखाली बसवायची तिरकी पट्टी मिळते, तिला वेज म्हणतात, किंमत फारशी नसते. तेही नको असेल तर सेटिंगमध्ये तुमच्या दाराच्या जागेवर काळा चौकोन टाकता येतो, त्याचं पुढच्या उत्तरात सविस्तर सांगतो.

ऐकलंच नाही तर मग सोसायटी. पॅसेज कॉमन आहे, तो ना तुमचा ना त्यांचा, त्यामुळे तिथे काही लावायचं, तर मॅनेजिंग कमिटीची परवानगी लागते. तुम्ही लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि अर्जात 'आमच्यावर पाळत ठेवतात' असलं काही लिहू नका. 'अमुक कॅमेऱ्याच्या टप्प्यात आमच्या घराचा आतला भाग येतो, तो वळवून मिळावा' असं लिहा, कमिटीला त्यावर काहीतरी करता येतं. सहकार खात्याच्या उपनिबंधकांपर्यंत जाता येतं, पण दोन सभासदांच्या आपसातल्या भांडणात ते सहसा हात घालत नाहीत, ते कोर्टात जा म्हणतील, आणि मग दिवाणी कोर्टात मनाई हुकूम मागायचा. सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ ला प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे असा निकाल दिला, तो मुख्यतः सरकारच्या संदर्भात होता पण तेव्हापासून शेजाऱ्यांच्या भांडणातही हा हक्क पुढे केला जातो. केरळ हायकोर्टाने २०२३ मध्ये सुरक्षेच्या नावाखाली शेजाऱ्याच्या घरात डोकावू देता येणार नाही असं म्हणत पोलीस महासंचालकांना यावर मार्गदर्शक सूचना काढायला सांगितल्या होत्या.

आणि हे भांडण काही कॅमेऱ्याने जन्माला घातलेलं नाही बरं का. १८८२ च्या ईझमेंट ॲक्टमध्ये, म्हणजे वहिवाटीच्या हक्कांच्या कायद्यात, एक उदाहरण दिलंय की अमुक गावात रूढीच अशी आहे की शेजाऱ्याच्या घरात दिसेल अशी नवी खिडकी कुणी पाडायची नाही, मग एखाद्याने तशी खिडकी पाडली तर शेजाऱ्याला ती अडवता येते. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी लोक खिडकीवरून कोर्टात जात होते, आपण लेन्सवरून जातोय.

एक मात्र करू नका. त्यांच्या कॅमेऱ्यावर टेप चिकटवणे, वायर ओढणे, पाणी मारणे. तुम्ही ते करतानाचं रेकॉर्डिंग त्यांच्याकडे असेल, आणि मग अर्ज त्यांचा असेल.

प्रश्न: मी उलट बाजूचा. नाशिकला रो हाऊस आहे, मागच्या बाजूने एकदा पाण्याची मोटर चोरीला गेली म्हणून चार कॅमेरे बसवले. मागच्या कॅमेऱ्यात शेजाऱ्यांची गच्ची आणि कपडे वाळत घालायची दोरी येते. त्यांनी अजून काही म्हटलं नाही, पण आमच्या सौ.ला ते बरं वाटत नाही. फिटिंगवाल्याला विचारलं तर म्हणाला ॲपमध्ये झोन लावून दिलाय, काळजी करू नका. नक्की काय लावलंय त्याने?
— एक वाचक, नाशिक

उत्तर: सौ.ना माझा नमस्कार सांगा. शेजारी बोलायच्या आधी ज्यांना हे सुचतं असे घरमालक मला वीस वर्षांत बोटावर मोजण्याइतके भेटले.

तुमच्या फिटिंगवाल्याने बहुतेक मोशन झोन लावलाय, आणि इथेच ९० टक्के लोक फसतात (आकडा माझ्या अंदाजाचा आहे, कुठे छापू नका). मोशन झोन म्हणजे काय, तर त्या चौकोनात काही हाललं तरच मोबाईल वाजवायचा. बाकीच्या भागाचं रेकॉर्डिंग चालूच असतं, दोरीवरची साडी नि साडी दिसते, फक्त तुमचा फोन वाजत नाही. शेजाऱ्यांची गच्ची झाकायला वेगळी सेटिंग असते, ती बहुतेक ॲपमध्ये प्रायव्हसी मास्क किंवा प्रायव्हसी झोन नावाने सापडेल. त्याने चित्राचा तेवढा तुकडा कायमचा काळा होतो, रेकॉर्डिंगमध्येसुद्धा. झाला की नाही ते लाईव्हवर बघू नका, प्लेबॅकमध्ये जाऊन बघा, कारण काही स्वस्त सिस्टिममध्ये काळा चौकोन नुसता स्क्रीनवर काढलेला असतो आणि खाली डिस्कवर सगळं जसंच्या तसं उतरत असतं.

मास्कचा भरवसाही पूर्ण धरू नका. चौकोन स्क्रीनवर चिकटलेला असतो, गच्चीवर नाही. म्हणजे माकडाने कॅमेरा हलवला, रंगाऱ्याने शिडी टेकवली, वाऱ्याने ब्रॅकेट दोन बोटं फिरला, की चौकोन तुमच्याच भिंतीवर आणि गच्ची मोकळी. फिरणारा कॅमेरा असेल तर हे रोजचंच, काही महागड्यांत मास्क बरोबर फिरतो, बाकीच्यांत नाही. फॅक्टरी रिसेट मारला तरी मास्क उडतो. म्हणून महिन्यातून एकदा, हार्ड डिस्क चालू आहे ना ते बघायला जाल तेव्हा हेही बघायचं.

खरा इलाज लेन्सचा आणि कोनाचा. चोर मोटरजवळ येणार ना, मग मोटर बघा. २.८ एमएमचा कॅमेरा दहा फुटांवर पंचवीस फूट रुंद बघतो, तिथे ६ एमएमचा लावा, तो त्याच दहा फुटांवर साधारण दहाच फूट बघतो. मोटर मोठी दिसेल, चोराचा चेहरा ओळखू येईल, आणि गच्ची आपोआप बाहेर. लोकांना वाटतं जास्त दिसलं म्हणजे जास्त सुरक्षा. चोरी झाल्यावर मी फुटेज काढायला बसतो तेव्हा कळतं, आभाळ, गच्ची, नारळाचं झाड, रस्त्यावरची गाय सगळं स्वच्छ आलेलं असतं आणि चोराचा चेहरा म्हणजे सात-आठ ठिपके.

कॅमेरा बदलायचा नसेल तर त्याला झापड लावा. घोड्याला लावतात ना, तशीच. पीव्हीसी शीटची हातभर नको, चार बोटांची पट्टी कापायची आणि शेडला, म्हणजे कॅमेऱ्यावरच्या छोट्या छपराला, शेजाऱ्यांच्या बाजूने बाहेरून बसवायची, स्क्रीन बघत बघत थोडी थोडी सरकवायची. काचेवर टेप चिकटवू नका, रात्रीचे इन्फ्रारेड दिवे त्याच काचेमागे असतात, टेपवरून उजेड परत येतो आणि सगळं चित्र दुधाळ होतं. झापडीचा फायदा असा की ती शेजाऱ्यांना त्यांच्या गच्चीतून दिसते. मास्क दिसत नाही, त्यावर विश्वास ठेवावा लागतो.

आणि हे सगळं झालं की त्यांना चहाला बोलवून टीव्हीवर दाखवा. हे मी शिकलो ते तोंड पोळून. धंद्याच्या सुरुवातीला एका बंगल्यात काम संपवलं, मालक खूश, सगळ्यांना हॉलमध्ये बसवून बत्तीस इंची टीव्हीवर चारही कॅमेरे लावले. शेजारचे काका सहज बघायला आले होते, हातात कपबशी. तिसऱ्या चौकोनात त्यांच्या न्हाणीघराची खिडकी. अर्धी उघडी. कुणी काही बोललं नाही, काकांनी बशी टीपॉयवर ठेवली आणि निघून गेले. मी शिडी परत लावली, पण ती दोन घरं पुढे कितीतरी वर्षं बोलत नव्हती. तेव्हापासून मी कुठल्याही घरी आधी एका मोबाईलवर चित्र बघतो, शेजाऱ्यांना बोलवून कॅमेरा त्यांच्यासमोर फिरवतो, आणि मगच स्क्रू आवळतो.

प्रश्न: पुण्यात कॉट बेसिसवर राहते, आम्ही पाच मुली. घरमालकांनी गावाला जाताना हॉलमध्ये कॅमेरा लावलाय, म्हणाले बाहेरचं कोणी येतं का बघायला. तो बाथरूमच्या दाराकडे तोंड करून आहे. आम्ही टॉवेल टाकतो त्यावर, तर फोन येतो की काढा.
— एक विद्यार्थिनी

उत्तर: यात समजुतीने घ्या वगैरे मी म्हणणार नाही. टॉवेल टाकल्यावर फोन येतो म्हणजे ते बसून बघतायत.

घर त्यांचं असलं तरी भाडं भरून तुम्ही राहता तोवर आतलं जगणं तुमचं आहे. बाहेरचं कोण येतं ते बघायला मुख्य दाराच्या बाहेर कॅमेरा लावता येतो, तोंड जिन्याकडे. बाई जिथे आपल्याला कोणी बघणार नाही असं धरून असते अशा जागी, खासगी क्षणी, तिला बघणं किंवा तिचं चित्रण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ चा गुन्हा आहे, पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षं. आयटी ॲक्टचं कलम ६६ ई पण आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड. बाथरूममधून टॉवेलवर बाहेर येणारी मुलगी त्या कॅमेऱ्यात येते का, यावर सगळं ठरेल. त्यामुळे आज कॅमेऱ्याचा फोटो काढून ठेवा, बाथरूमचं दार आणि कॅमेरा एकाच फोटोत येतील असा. मालकांचे मेसेज, कॉल लॉग जपा. मग मेसेजवर लेखी सांगा, आजच्या आज बंद करा. नाही केला तर पाचहीजणी मिळून पोलीस स्टेशनला जा, एकटी जाऊ नका, घरच्यांना आधी सांगा. प्लग काढून ठेवला तर चालेल, फोडू मात्र नका, त्यातलं मेमरी कार्ड हाच पुरावा आहे.

प्रश्न: कॅमेऱ्यात माइक आहे. आवाज रेकॉर्ड केला तर काय बिघडतं?
— एक वाचक, सांगली

उत्तर: बंद करा. चित्रात पॅसेजमधून कोण गेलं ते कळतं, आवाजात ते काय बोलत गेले ते, आणि त्याची तुम्हाला गरज नाही. शिवाय कान डोळ्यापेक्षा लांबचं ऐकतो, भिंतीआडचं सुद्धा. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या कोर्टात २०२१ मध्ये अशाच डोअरबेलच्या भांडणात निकाल कॅमेरेवाल्याच्या विरोधात गेला, आणि न्यायाधीशांनी चित्रापेक्षा आवाजाला जास्त आक्षेप घेतला होता. तिकडे राहणाऱ्या आपल्या वाचकांनी तर हे लक्षात ठेवाच, कॅमेरा स्वतःच्या हद्दीबाहेर बघायला लागला की तिथला डेटाचा कायदा घरमालकाला लागू होतो.

प्रश्न: मी सोसायटीचा सेक्रेटरी, ६४ फ्लॅट, १६ कॅमेरे. परवा एका कमिटी मेंबरने रात्री पावणेदोनचं लिफ्टमधलं फुटेज मोबाईलवर शूट करून सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, खाली लिहिलं 'आपल्या बिल्डिंगमध्ये हे काय चाललंय'. त्यात एका सभासदांची मुलगी आणि तिचा मित्र आहे, तसं काही नाही, दोघं नुसते उभे आहेत. वडील आता पोलिसात जायचं म्हणतायत. दुसरीकडे एका सभासदाची सायकल गेली तर तो म्हणतो मला सगळं फुटेज द्या, माझा हक्क आहे. मी काय करू?
— एक त्रस्त सेक्रेटरी, ठाणे

उत्तर: सेक्रेटरी साहेब, आधी ग्रुपवरचं ते काढायला लावा, हा अंक हातात पडेपर्यंत थांबला असाल तर उशीरच झालाय. मग कमिटीने त्या मुलीच्या वडिलांकडे जाऊन माफी मागायची, ग्रुपवर नाही, घरी जाऊन. ते पोलिसात गेले तर मी त्यांना दोष देणार नाही. १६ कॅमेऱ्यांचे पैसे त्या वडिलांच्या मेंटेनन्समधूनही गेलेत हो, आणि त्यातून मिळालं काय तर लेकीची बदनामी. आणि लिफ्टमध्ये नुसतं उभं राहिल्याची.

तुमच्याकडे खरी गडबड काय झाली सांगू का, मॉनिटर कुठे आहे? माझी खात्री आहे वॉचमनच्या केबिनमध्ये, खुर्ची बाहेर तोंड करून, येणारा जाणारा थांबून बघतो, पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला. केबिनमध्ये फक्त गेटचे दोन कॅमेरे दाखवा, बाकी डीव्हीआर, म्हणजे रेकॉर्डिंगचा डबा, कुलपात. पासवर्ड दोघांकडे, तुम्ही आणि चेअरमन, आणि कमिटी बदलली की पासवर्ड बदलायचा, हे कुणीच करत नाही, मला पाच वर्षांपूर्वीच्या सेक्रेटऱ्यांच्या मोबाईलवर अजून लाईव्ह दिसणाऱ्या सोसायट्या माहिती आहेत. आणि तो पासवर्ड admin123 चा देवनागरी भाऊ नसावा म्हणजे मिळवलं. राजकोटच्या एका प्रसूती हॉस्पिटलमधलं बायकांच्या तपासणीचं फुटेज २०२५ च्या सुरुवातीला यूट्यूब आणि टेलिग्रामवर विकायला निघालं होतं, आणि तपासात दिसलं की असेच कंपनीने दिलेले सोपे पासवर्ड कुणी बदललेच नव्हते.

आता सायकलवाले. त्यांना सगळं फुटेज नाही द्यायचं, त्यांना सायकल बघायची आहे, शेजाऱ्यांकडे कोण पाहुणे आले ते नाही. लेखी अर्ज घ्या, त्यात तारीख आणि वेळ, समजा रविवारी संध्याकाळी सहा ते सोमवार सकाळी आठ, स्टँडवरचा एकच कॅमेरा. तुम्ही शेजारी बसून दाखवायचं, वहीत नोंद करायची कोणी कधी काय बघितलं, आणि स्क्रीनचं मोबाईलवर शूटिंग करायचं नाही. चोर दिसला तर कॉपी पोलिसांना द्या, सायकलवाल्यांना नाही. पोलीस मागतील तेव्हा लेखी पत्र घ्या, नागरिक सुरक्षा संहितेचं (पूर्वीची सीआरपीसी) कलम ९४ त्याचसाठी आहे.

आणि कॉपीबरोबर सर्टिफिकेट द्यावं लागतं, ते विसरू नका. पूर्वी पुरावा कायद्याचं ६५ बी होतं, १ जुलै २०२४ पासून साक्ष अधिनियमाचं कलम ६३(४), त्यात आता फाईलची हॅश व्हॅल्यूही लिहायची असते, म्हणजे फाईलचा अंगठा म्हणा. या सर्टिफिकेटचा मोठा निकाल आपल्या जालन्याचा आहे, विधानसभेच्या २०१४ च्या निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत भरला की नाही हे निवडणूक कार्यालयाच्या व्हिडिओवरून ठरवायचं होतं, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल, आणि त्यात २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मूळ यंत्र कोर्टात आणत नसाल तर हे सर्टिफिकेट लागतंच. पेन ड्राइव्ह नेऊन ठेवला आणि काम झालं, असं होत नाही.

किती दिवस ठेवायचं, तर उगाच वर्षभर साठवू नका. हिशोब सोपा आहे, २ एमबीपीएसने चालणारा एक कॅमेरा दिवसाला साधारण २१-२२ जीबी खातो, तुमचे १६ म्हणजे दिवसाला साडेतीनशे जीबीच्या आसपास, ६ टीबीच्या डिस्कवर साधारण सतरा दिवस. तेवढे पुष्कळ आहेत, त्यापुढे आपोआप पुसलं जाऊ द्या. जे पुसलं गेलं ते कुणी ग्रुपवर टाकू शकत नाही.

हे सगळं एका पानावर लिहून सर्वसाधारण सभेत ठराव करून घ्या. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात घरगुती वापर करणाऱ्या व्यक्तीला सवलत आहे, पण सोसायटी म्हणजे काही व्यक्ती नव्हे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेत आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर दीड वर्षाने लागू होतायत, तेवढ्यात वही तरी सुरू करा.

प्रश्न: आम्ही दोघं नोकरीला, बाळ आठ महिन्यांचं, सांभाळायला मावशी येतात. कॅमेरा लावला तर त्यांना सांगायचं का? सांगितलं तर उपयोग काय?
— एक आई, पिंपरी

उत्तर: सांगायचं, आणि दाखवायचं, आणि दुपारी त्या पाठ टेकतात ती खोली सोडायची. लपवलेला कॅमेरा चार महिन्यांत कळतोच, धूळ पुसणाऱ्या त्याच असतात ना. आणि तुम्ही जर ऑफिसातून फोन करून 'मावशी, टीव्ही बंद करा' म्हणणार असाल तर कॅमेऱ्याचे पैसे वाचवा, नव्या मावशी शोधायला लागतील. सांगितलेल्या कॅमेऱ्याचा उपयोग काय विचारता, तर बाळ पडलं तर कसं पडलं यावर मावशींनाही स्वतःची बाजू दाखवता येते. एका घरात मावशींनीच मला विचारलं होतं, माझ्याकडे पण ते दिसेल का हो, म्हणजे ताई उगाच ओरडणार नाहीत.

प्रश्न: मी मस्कतला असतो. कुडाळजवळ वडिलोपार्जित घर आहे, निम्मं आमचं निम्मं चुलत भावाचं, तो आणि वहिनी तिथे राहतात. आमचा भाग बंद असतो, एकदा कौलं काढून तांब्याची भांडी गेली, म्हणून मी सिम कार्डवर चालणारे दोन सोलर कॅमेरे पाठवले, एक ओटीवर, एक खळ्यात म्हणजे अंगणात. आता वहिनी म्हणतात, 'भावजी, आमका विहिरीर जावचा म्हटला तरी कोण बघता काय असा वाटता.' भाऊ बोलत नाही, पण फोन उचलत नाही.
— एक वाचक, मस्कत

उत्तर: भाऊ फोन उचलत नाही हेच उत्तर आहे दादा.

ओटी कोणाची? खळं कोणाचं? वाटणी झाली असेल तरी खळं बहुतेक ठिकाणी सामाईकच राहतं, आणि तिथून विहिरीवर जाणारी वाट तर वहिनींची रोजची. तुम्ही वर्षातून पंधरा दिवस येता, त्या साडेअकरा महिने त्या कॅमेऱ्यासमोरून कळशी घेऊन जातात. कलकत्ता हायकोर्टापुढे असंच एक प्रकरण आलं होतं, एकाच घरात राहणारे दोन भाऊ, एकाने राहत्या भागात कॅमेरे लावले, दुसऱ्याची संमती नाही. कोर्टाने २०२५ मध्ये तसे कॅमेरे चालवता येणार नाहीत असं सांगितलं आणि सुप्रीम कोर्टानेही मे २०२५ मध्ये त्यात हात घालायला नकार दिला. पण तुम्ही कोर्टाचं नाव फोनवर काढू नका, भाऊबंदकीत एकदा कोर्ट हा शब्द आला की पुढची पिढीही तो विसरत नाही.

खळ्यातला कॅमेरा आधी काढायला सांगा, आजच. तो तुमच्या बंद भागाच्या आत घ्या, माजघरात, वर कौलांकडे तोंड करून. चोर कौलं काढून उतरला होता ना, मग उतरतानाच दिसेल, आणि तिथे वहिनींचा काही संबंध येत नाही. आत सोलर चालणार नाही, लाईनवर घ्यावा लागेल, आणि पावसात लाईन दोन-दोन दिवस जाते हे मी तुम्हाला काय सांगणार, एक छोटा इन्व्हर्टर लागेल. ओटीवरचा तुमच्याच दाराच्या कुलपावर वळवा, जवळ, खाली, फक्त कुलूप आणि हात दिसेल एवढा. माइक बंद. लाल दिवे रात्री चमकतात ते ९४० नॅनोमीटरवाल्या कॅमेऱ्यात दिसत नाहीत, पण इथे उलट मी दिसणारेच ठेवा म्हणेन, चालू आहे की बंद ते वहिनींना लांबून कळू दे.

मग ॲपमध्ये भावाचा नंबर जोडा, तुम्हाला दिसतं ते सगळं त्यालाही दिसलं पाहिजे, वाजलं तर आधी त्याचा फोन वाजू दे. तो दहा पावलांवर आहे, तुम्ही समुद्रापलीकडून काय करणार आहात.

आणि ओटीवरच्या कॅमेऱ्याला भिंतीवर एक साधं बटण बसवून घ्या, वहिनींचा हात पोचेल इतक्या उंचीवर. चतुर्थीला घर भरतं, पडवीत ओळीने अंथरुणं पडतात, बायका पहाटे खळ्यातून न्हाऊन येतात, तेव्हा त्यांनी ते बंद केलं आणि तुमच्या मोबाईलवर 'कॅमेरा ऑफलाईन' आलं, तर फोन करून विचारू नका का बंद केला म्हणून. आरती झाली का ते विचारा.